शाळांनी मिळून मुलांचं शिकणं कसं सुधारायचं? केंद्र, शिक्षण परिषद आणि मुख्याध्यापकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळांतले मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक वेगवेगळ्या निमित्तांनी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या केंद्रशाळांच्या रचनेला धरून आहेत. केंद्र म्हणजे जवळपासच्या दहा-बारा शाळांचा गट, केंद्रप्रमुख त्या गटाचे अधिकारी आणि शिक्षण परिषद म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची बैठक. बाहेरची उदाहरणं आपल्याला उपयोगी पडतील तेवढीच घेतली आहेत.

शाळांनी एकत्र काम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धा, सांस्कृतिक कार्यक्रम, सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका हे सगळं आपल्याकडे चालतंच, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याने मुलांच्या शिकण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चार शाळांच्या शिक्षकांनी आपापल्या मुलांच्या वह्या एका टेबलावर ठेवल्या की.

समजा, केंद्रातल्या चार शाळांनी तिसरीच्या मुलांना ५२ – ३८ ही वजाबाकी दिली. बरीच मुलं उत्तर २६ लिहितात. मूल दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, वर कोणता आणि खाली कोणता याकडे त्याचं लक्ष नाही. एकट्या शिक्षकाला वाटतं, ‘आपलीच मुलं कच्ची आहेत.’ चारही शाळांच्या वह्यांत तीच चूक दिसली की कळतं, हातच्याची वजाबाकी शिकवण्याच्या आपल्या पद्धतीतच काहीतरी राहून जातंय. मग लक्षात येतं की त्यातल्या एका शाळेत ही चूक कमी आहे, कारण तिथल्या बाई महिनाभर काड्यांचे गठ्ठे सोडवायला लावतात आणि मांडणी नंतर शिकवतात. बाकीचे तिघे त्यांच्या वर्गात जाऊन बसतात, पाहतात, आपल्या शाळेत करून बघतात आणि महिन्याने पुन्हा वह्या घेऊन येतात. एकत्र काम म्हणतात ते हेच. ते घडवून आणण्यासाठी वेळ काढणं, वर्ग सांभाळण्याची सोय लावणं आणि पुढच्या महिन्यात आठवणीने विचारणं ही नेतृत्वाची कामं.

ही कल्पना नव्या शैक्षणिक धोरणातून आली का?

त्याच्या कितीतरी आधीची आहे. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाने (१९६४–६६) शाळा संकुलाची शिफारस केली होती: मध्ये एक माध्यमिक शाळा, भोवती उच्च प्राथमिक आणि प्राथमिक शाळा, आणि या सगळ्यांनी मिळून आपलं नियोजन करायचं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. खेड्यातली शाळा किती एकटी असते हे त्यांना ठाऊक होतं. त्या एकटेपणावर उपाय म्हणून संकुलाकडे पाहिलं की त्या शिफारशीचं मोल कळतं.

महाराष्ट्रात केंद्रशाळांची रचना १९९४पासून रुळली. राज्यात ४,८६० केंद्रं झाली, साधारण दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचं सातवं प्रकरण शाळा संकुलांवरच आहे आणि त्यात कोठारी आयोगाचा उल्लेख आहे. म्हणजे सांगाडा आपल्याकडे तीस वर्षांपासून उभा आहे. त्याचा उपयोग आपण मुख्यतः कागद वर-खाली पोचवायला केला, हे माझं स्पष्ट मत आहे.

शिकवतात शिक्षक. मग मुख्याध्यापकांच्या नेतृत्वावर एवढा भर का?

शाळेतल्या घटकांपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम वर्गातल्या अध्यापनाचा होतो, यात वाद नाही. त्याच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा होतो, असं या विषयावरच्या अभ्यासांतून मांडलं गेलं आहे. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मुख्याध्यापक करतात त्या कामांपैकी कोणत्या कामाचा मुलांच्या निष्पत्तीशी सर्वांत जास्त संबंध दिसतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर आलं: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्या शिकण्यात स्वतः सामील होणं.

‘स्वतः सामील होणं’ हा भाग महत्त्वाचा आहे. प्रशिक्षणाला शिक्षकांची नावं कळवून ऑफिसात बसणारे मुख्याध्यापक आणि त्याच सतरंजीवर बसून तेच गणित सोडवून बघणारे मुख्याध्यापक यांच्या शाळांत कालांतराने फरक दिसतो. आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण घ्या. पहिलीचा वर्ग कोणाला द्यायचा हे मुख्याध्यापक ठरवतात. बऱ्याच शाळांत तो सर्वांत नव्या शिक्षकाकडे जातो, किंवा ज्यांच्याकडे बाहेरची कामं जास्त आहेत त्यांच्याकडे. खरं तर शाळेतला सर्वांत अनुभवी माणूस पहिलीवर हवा. पुढचे चार वर्ग काय शिकणार, हे त्या एका निर्णयावर ठरतं.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पदच नाही. मग नेतृत्व कोणी करायचं?

राज्यातल्या हजारो शाळांचा हाच प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि मुख्याध्यापकाचं पद १५०हून अधिक पटाला. सहावी ते आठवीसाठी ते १००च्या वर. त्यामुळे लहान शाळेत दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षकाकडे कार्यभार येतो. त्यांना स्वतःचे दोन-तीन वर्ग शिकवायचे असतात, पोषण आहाराच्या नोंदी ठेवायच्या असतात, यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) भरायचं असतं आणि तालुक्याच्या मीटिंगला जायचं असतं.

अशा शाळेला एकट्याने ‘नेतृत्व विकास’ करा असं सांगणं अन्यायाचं आहे. म्हणूनच केंद्राची गरज मोठ्या शाळांपेक्षा या शाळांना जास्त आहे. दोन शिक्षकांच्या शाळेला शिक्षकदालन नसतं, विषयावर बोलायला तिसरा माणूस नसतो. केंद्र हेच तिचं शिक्षकदालन. कामाची वाटणीही केंद्राच्या पातळीवर करता येते. एका शाळेतल्या मॅडमचा प्रारंभिक वाचनावर हातखंडा आहे, दुसऱ्या शाळेतले सर गणितात पक्के आहेत, तिसऱ्या शाळेत बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एकाच शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवणं, उत्तम चालतं. त्या त्या बाबतीत पूर्ण केंद्राचं नेतृत्व त्यांच्याकडे द्यावं. पद कोणतं आहे याची इथे अडचण येऊ नये.

केंद्रप्रमुखांनी काय करायला हवं?

आठवड्यातले जास्तीत जास्त दिवस वर्गात असायला हवं. वर्गात मागे बसून मुलांची वही पाहायची, मुलांशी बोलायचं, शिक्षकांना जमलं तर एक तास स्वतः घेऊन दाखवायचा. शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक, वर्गसजावट चांगली’ असं लिहून कोणाचंच भलं होत नाही. त्यापेक्षा ‘चौथीतल्या सहा मुलांना जोडाक्षरं वाचता येत नाहीत, पुढच्या भेटीत त्यांच्याकडून वाचून घेऊ’ हा शेरा शिक्षकाला कामाला येतो, आणि पुढच्या भेटीला कारणही मिळतं.

अडचण खरी आहे. वर्षानुवर्षं ही पदं रिकामी राहिली. २०२३मध्ये विभागीय परीक्षेतून केंद्रप्रमुख निवडण्यासाठी २,३८४ पदांची जाहिरात निघाली, यावरून रिक्त जागा किती होत्या याचा अंदाज येतो. एकेका माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा प्रभार असला की तो माहिती गोळा करण्यापलीकडे जाऊ शकत नाही. शाळांचं सहकार्य वाढवायचं म्हणणाऱ्या शासनाने ही पदं वेळच्या वेळी भरणं, हा त्यातला सर्वांत मोठा वाटा आहे.

शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तरी तिच्यातून काही हाती लागत नाही, असं का?

कारण निम्मा वेळ सत्कार आणि परिपत्रकांत जातो. उरलेल्या वेळात एखादा सुंदर ‘आदर्श पाठ’ होतो, जो निवडक हुशार मुलांवर, भरपूर साहित्यानिशी, आठवडाभर तयारी करून घेतलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतं, ‘हे माझ्या वर्गात होणार नाही.’ आणि ते बरोबरच असतं.

परिषद बदलायची तर आधी परिपत्रकं बाहेर काढा. ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस आधी टाकता येतात. शंका असतील त्या चहाच्या वेळी विचारल्या जातील. मुख्य वेळ एकाच अडचणीला द्या, आणि ती अडचण मुलांच्या वह्यांतून किंवा वाचनाच्या नोंदींतून आलेली असू द्या. पाठ घ्यायचाच तर यजमान शाळेच्या नेहमीच्या वर्गावर घ्या, ज्यांना ती गोष्ट जमत नाही अशा मुलांसह. पाठ फसला तरी चालेल. फसलेल्या पाठावरची चर्चा बहुधा जास्त उपयोगी ठरते, कारण सगळ्यांनाच त्या जागी आपण असल्यासारखं वाटतं. पाहणाऱ्यांनी शिक्षकाकडे पाहायचं नाही. प्रत्येकाने तीन-चार मुलं वाटून घ्यायची आणि तासभरात त्या मुलांनी काय केलं, कुठे अडली, हे लिहायचं.

जाण्याआधी प्रत्येक शाळेने पुढच्या महिन्यात करायची एकच गोष्ट ठरवायची. पुढची परिषद त्याच गोष्टीच्या विचारणेने सुरू करायची. हा शेवटचा भाग बहुतेक केंद्रांत गळतो आणि तिथेच सगळं सुटतं.

केंद्रशाळेतच दर वेळी भेटण्याऐवजी जागा फिरती ठेवा. आडबाजूच्या वस्तीशाळेत सगळं केंद्र आलं की त्या शाळेची अडचणही दिसते आणि तिथल्या शिक्षकाचं काम चारचौघांसमोर येतं.

महाराष्ट्रात असं कुठे घडलं आहे का?

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव बहुतेक प्राथमिक शिक्षकांनी ऐकलेलं असतं. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला काही केंद्रांचा गट. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. मुलं गटांत बसून, साहित्य हाताळत, एकमेकांशी बोलत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक आणि अधिकारी ते वर्ग बघायला गेले. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अशा भेटींना मोठीच गती आली.

कुमठ्यातून आपण काय उचललं, हे तपासून पाहायला हवं. अनेक शाळांनी फरशीवर रंगवलेले तक्ते, वर्तुळं, अंकांच्या पट्ट्या घेतल्या. ते दिसतं, फोटोत येतं आणि दोन दिवसांत होतं. एका बीटमधल्या शाळांचे शिक्षक एकाच दिशेने शिकत राहिले आणि त्यांच्यासोबत बसणारी, शिकण्यावर बोलणारी अधिकारी त्यांना मिळाली, हा गाभा मात्र उचलायला अवघड होता. तो जिथे उचलला गेला नाही तिथे फरशीवरचा रंग उडाला तसा कार्यक्रमही उडाला.

माध्यमिक शाळांच्या बाजूने रयत शिक्षण संस्थेकडे पाहता येईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये काले येथे स्थापन केलेल्या या संस्थेच्या चारशेहून अधिक माध्यमिक शाळा आहेत. एकाच संस्थेत इतक्या शाळा असल्या की चांगला मुख्याध्यापक अडचणीतल्या शाखेत पाठवता येतो. स्वतंत्र, एकेकट्या संस्थांना ही सोय नसते. त्यांनी तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाचा आधार घ्यावा, आणि संघाने सराव प्रश्नपत्रिकांच्या पुढे जाऊन एकमेकांच्या शाळा पाहण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा.

बाहेरच्या देशांचा अनुभव काय सांगतो?

दोन ठिकाणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिलं लंडन. तिथे २००३ ते २०११ या काळात ‘लंडन चॅलेंज’ नावाचा कार्यक्रम चालला. सुरुवातीच्या वर्षांत त्याचं नेतृत्व टिम ब्रिगहाउस यांच्याकडे होतं. शहरातल्या मागे पडलेल्या माध्यमिक शाळांना ‘नापास शाळा’ असा शिक्का मारण्याऐवजी त्यांना यशाच्या वाटेवरच्या शाळा म्हणून वागवायचं, हे त्यांनी ठरवलं. सारखी परिस्थिती असलेल्या शाळांचे गट केले, ज्यांना ते ‘शाळांची कुटुंबं’ म्हणत. त्यामुळे गरीब वस्तीतल्या शाळेची तुलना तशाच वस्तीतल्या शाळेशी होऊ लागली. तशीच मुलं घेऊन दुसरी शाळा पुढे असेल तर ‘आमची मुलंच तशी’ हे म्हणणं टिकत नसे, आणि मग तिथे जाऊन बघण्याची इच्छा व्हायची. यशस्वी मुख्याध्यापकांना अडचणीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांसोबत जोडलं गेलं. ते साहेब म्हणून जात नसत. त्यांची स्वतःची शाळा चालू असायची आणि त्यांचे शिक्षकही दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांसोबत काम करायचे.

दुसरं ब्राझीलमधलं सेआरा राज्य. देशातल्या गरीब राज्यांपैकी एक. तिथे २००९पासून प्राथमिक स्तरावरच्या उत्तम १५० शाळांना बक्षिसाची रक्कम मिळू लागली, पण सगळी एकदम नाही. प्रत्येक विजेत्या शाळेने तळाच्या शाळांपैकी एकीला सोबत घ्यायचं आणि बक्षिसाचा उरलेला भाग त्या कामाशी बांधलेला. याच राज्यातल्या सोब्राल शहराने मुख्याध्यापकांच्या नेमणुका राजकीय शिफारशींतून काढून परीक्षा आणि मुलाखतीवर आणल्या, आणि पहिलीच्या वाचनावर सगळं बळ लावलं. ब्राझीलच्या शिक्षण निर्देशांकात सोब्रालच्या प्राथमिक वर्गांचे गुण २००५मध्ये १०पैकी ४.० होते, २०१७मध्ये ९.१.

आपल्याकडे आदर्श शाळा पुरस्कार आहेत. पुरस्कार मिळालेल्या शाळेवर दुसऱ्या शाळेची जबाबदारी मात्र नाही. सेआराकडून घ्यायचीच तर ही गोष्ट घ्यावी.

लंडनची प्रगती खरंच या सहकार्यामुळे झाली का?

पूर्ण श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही. २०१४च्या सुमारास यावर बरंच संशोधन झालं. एका अभ्यासाने शहरातल्या स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या मोठ्या प्रमाणाकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने प्राथमिक शाळांत आधीच सुरू झालेल्या सुधारणेकडे. तरीही शाळा एकमेकींना बांधणं, सारख्यांची सारख्यांशी तुलना आणि मुख्याध्यापकांची थेट साथ यांना तिथल्या शाळाच महत्त्व देतात, म्हणून ते इथे सांगितलं.

‘समूह शाळा’ म्हणजे लहान शाळा बंद करण्याचा मार्ग आहे ना? मग शाळांच्या एकत्र येण्याला पाठिंबा का द्यायचा?

शंका रास्त आहे, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. २०२३च्या सप्टेंबरमध्ये राज्यात २०हून कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. अशा सुमारे १४,७८३ शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं होती. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही उदाहरणं पुढे केली गेली. त्यात मुलांनी वाहनाने मोठ्या शाळेत जायचं आणि वस्तीवरची शाळा थांबायची. पावसाळ्यात ओढा भरला की, गाडी आली नाही की, मुलगी सातवीत गेली की काय होतं, हे डोंगरातल्या पालकांना सांगावं लागत नाही. त्यांचा विरोध योग्य होता असं मला वाटतं.

या पानावर ज्याबद्दल बोलतोय त्यात मुलं जागची हलत नाहीत. हलतात ते शिक्षक आणि मुख्याध्यापक, महिन्यातून एखाद-दोनदा. केंद्र नीट चाललं तर लहान शाळा टिकवण्याच्या बाजूने तो सर्वांत भक्कम युक्तिवाद होतो. १८ पटाची शाळाही एकटी पडत नाही आणि तिथली मुलं मागे राहत नाहीत, हे दाखवता येतं.

चाचण्यांचे गुण एकत्र पाहिले तर शाळांत हेवेदावे होणार नाहीत का?

होतील, जर गुणांची यादी लावली तर. पायाभूत आणि संकलित चाचण्यांची माहिती आता प्रत्येक शाळेकडे असते. ती शिक्षण परिषदेत शाळेच्या नावानिशी फळ्यावर लिहू नका. कोणता प्रश्न बहुतेक मुलांचा चुकला, तिथून सुरुवात करा. आणि तुलना सारख्यांशीच हवी. ज्या शाळेतली मुलं दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला जातात, ज्या शाळेत मुलं घरी कोरकू किंवा गोंडी बोलतात आणि शाळेत मराठी ऐकतात, तिची बाजारपेठेच्या गावातल्या शाळेशी तुलना करून कोणाला काही शिकायला मिळत नाही. अशी सारखी शाळा केंद्रात नसेल तर बीटमध्ये, नाही तर शेजारच्या तालुक्यात शोधावी.

अशैक्षणिक कामांतून वेळच मिळत नाही. हे सगळं कधी करायचं?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. प्रत्यक्षात माहितीचे नमुने, ऑनलाइन नोंदी आणि ‘आजच्या आज पाठवा’ यांतच दिवस जातो. यातलं बरंच केंद्रप्रमुखांच्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात आहे. जी माहिती यू-डायसमध्ये आहे ती शाळेला पुन्हा मागायची नाही, एवढं एक जरी तालुक्याने पाळलं तरी महिन्याचा एक दिवस मोकळा होतो. तो दिवस दुसऱ्या शाळेचा वर्ग पाहायला द्यावा.

बदल्या झाल्या की बसलेली घडी मोडते. त्यावर उपाय?

बदल्या होणारच. म्हणून ठरलेल्या गोष्टी माणसाच्या डोक्यात ठेवू नका, केंद्राच्या वहीत ठेवा: कोणत्या महिन्यात कोणती अडचण घेतली, काय करून पाहिलं, कोणत्या शाळेत जमलं. येणाऱ्या शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच शेजारच्या शाळेतली एक व्यक्ती जोडून द्या.

पालकांना काय करता येईल?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला. बैठकीत भिंत, पत्रे आणि शौचालय यांवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. सोबत दोन प्रश्न विचारा. आपल्या तिसरीतल्या किती मुलांना गोष्ट वाचून सांगता येते? आणि आपले गुरुजी किंवा बाई या सत्रात दुसऱ्या कोणत्या शाळेत वर्ग पाहून आल्या? दुसरा प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारू नका. शिक्षक एक दिवस बाहेर गेले तर वर्ग सांभाळायला मदत करू, असंही म्हणा.

आमच्या केंद्रात काहीच नाही. सुरुवात कशी करायची?

पूर्ण केंद्राची वाट पाहू नका. चार-पाच किलोमीटरवरची एक शाळा निवडा, शक्यतो आपल्यासारख्याच पटाची. जूनमध्ये दोन्ही शाळांतल्या दुसरी-तिसरीच्या मुलांकडून एकच उतारा वाचून घ्या. कोण अक्षरावर अडलं, कोण शब्दावर, कोण उतारा वाचतं पण अर्थ सांगत नाही, हे मुलांच्या नावांनिशी लिहा. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दोन्हीकडचे शिक्षक बसा आणि अडलेल्या मुलांपैकी एकच गट निवडा. दोन आठवड्यांनी एकमेकांच्या वर्गात एक-एक तास बसा. गटशिक्षणाधिकाऱ्यांना एका ओळीचं पत्र देऊन ठेवा, म्हणजे भेट देणाऱ्या शिक्षकाच्या हजेरीचा प्रश्न येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच मुलांकडून पुन्हा वाचून घ्या, आणि जे दिसेल ते पुढच्या शिक्षण परिषदेत मांडा.